बेसिनखालचं दोन इंच पाणी

हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची नळ मागितला, की काउंटरवरचा माणूस मान वर न करता खोक्यातून काढून देतो. घरी आणून त्या नळाच्या आट्यांना पट्टी लावून बघा. बाहेरचा व्यास भरतो जवळजवळ २१ मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बरं, नळ ज्या पाइपाला जोडायचा त्याचं आतलं भोक मोजावं, तर लोखंडी पाइपात तेही १६ मिलिमीटरच्या आसपास निघतं. अर्धा इंची मालात अर्धा इंच कुठेच नाही, आणि तरी चांद्यापासून बांद्यापर्यंत कुणाचं काही अडत नाही.

घडलं असं, की पूर्वी विलायतेत लोखंडी पाइपांना नाव त्यांच्या आतल्या पोकळीवरून पडायचं. तेव्हाचं लोखंड यथातथाच, म्हणून पाइपाची भिंत जाड ठेवावी लागे: आत अर्धा इंच, बाहेर पाऊण इंचाच्या वर. पुढे लोखंड सुधारलं, पातळ भिंतीत काम भागू लागलं. पण बाहेरचं माप बदललं असतं तर आधीच्या सगळ्या पाइपांचे आटे निकामी झाले असते. मग बाहेरचा व्यास तसाच राहिला, आतली पोकळी वाढली आणि नाव जुन्या पोकळीचंच चालू राहिलं. आट्यांचा आकारही तेव्हाचाच. त्याआधी दर कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये सुचवलं, की सगळ्यांनी आट्याचा कोन ५५ अंशांचाच ठेवावा. आज आपल्या अर्धा इंची नळावर इंचाला १४ आटे असतात आणि प्रत्येकाचा कोन तोच ५५ अंशांचा. आपण शेर सोडले, गज सोडले, दूध लिटरवर नेलं. बेसिनच्या नळाने मात्र व्हिटवर्थला सोडलेलं नाही.

अमेरिकेतून कुणी हौसेने नळ आणला असेल तर जरा सबुरीने घ्या. तिकडच्या अर्धा इंची पाइपालाही इंचाला १४च आटे, पण कोन ६० अंशांचा. सुरुवातीचे फेरे छान चढतात, माणूस खूश होतो, आणि पाणी सोडल्यावर जोड गळायला लागतो.

बेसिन स्वतः बसवण्याचं काम एका रविवारात होण्यासारखं आहे. एक स्क्रू पान्हा, ड्रिल, पाणसळ, टेफ्लॉनची गुंडाळी, सिलिकॉनची नळी आणि जुन्या पाण्यासाठी खाली धरायला बादली, एवढी तयारी पुरते. पण त्यातली प्रत्येक वस्तू हातात घेतली, की तिच्यामागे कुणाची तरी अक्कल उभी दिसते, आणि काम हळू होतं ते त्यामुळे.

टेफ्लॉनचंच बघा. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रीजसाठी नवा वायू शोधत होता. वायूने भरलेल्या एका सिलिंडरचा कॉक उघडला, तर काहीच बाहेर येईना. सिलिंडर रिकामा म्हणावा तर वजन भरल्याइतकं. त्याने तो करवतीने कापून घेतला. आत पांढरी, मेणचट, निसरडी पूड होती. वायूचे रेणू एकमेकांना धरून घन झाले होते. या पुडीवर कसलंच रसायन चालेना. अणुबाँबच्या कारखान्यात युरेनियमचा अतिशय जहाल वायू हाताळायचा होता, तिथे जोड गळू नयेत म्हणून ती वापरली गेली. आज तिचीच फीत दुकानात किरकोळ पैशांत मिळते आणि आपण ती नळाला गुंडाळतो. तिच्याआधी आपल्याकडचे प्लंबर आट्यांवर सुतळीचे धागे गुंडाळून वरून सफेदा फासायचे. अजूनही काही जुने कारागीर तसं करतात, आणि तो जोड वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाही.

फीत गुंडाळण्याची एक रीत आहे. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताण देत, आट्यांच्या खाचा उमटून दिसतील अशी गुंडाळायची. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना ती उलगडत जाते आणि आट्यांच्या तोंडाशी तिचा बोळा होतो. फीत लागते ती भिंतीतल्या पाइपात जाणाऱ्या अँगल कॉकला. अँगल कॉकपासून नळापर्यंत जाणाऱ्या जाळीच्या कनेक्शन पाइपाच्या टोकांना रबरी वॉशर असतो; पाणी तोच अडवतो. तिथे फितीचे थर चढवणं म्हणजे नुसती हौस.

आता खुद्द बेसिन. पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत भांड्याची सुरुवात चिखलापासून होते. केओलिन, चिकणमाती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड पाण्यात कालवून सायीइतकं दाट मिश्रण करतात आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी पिऊन घेतं, त्यामुळे साच्याला लागून मातीचा थर धरत जातो. थर पुरेसा जाड झाला, की आतला उरलेला चिखल ओतून काढतात. बेसिनच्या कडेत जी पोकळी असते ती या ओतून काढण्यातून येते. मग सुकवणं, झिलईचा हात, आणि सुमारे १२०० अंश सेल्सिअसची भट्टी. तिथे फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी भरून टाकतो. म्हणून साध्या मडक्यातून पाणी पाझरतं आणि बेसिनमधून पाझरत नाही. आपल्याकडच्या घरांतला असा बराच माल गुजरातेतल्या थानगढ आणि मोरबी भागातून येतो.

सुकताना आणि भाजताना मिळून बेसिन दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसतं. कारखानदार तेवढा साचा मोठा करतात, पण प्रत्येक नग अगदी नेमका तेवढाच आक्रसेल असं मातीकडून लिहून घेता येत नाही. याचा आपल्या कामाशी सरळ संबंध आहे. खोक्यातल्या कागदावर बोल्टांमधलं अंतर छापलेलं असतं. त्यावर भरवसा ठेवून भिंतीला भोकं पाडू नयेत. बेसिन उलटं ठेवून त्याच्याच भोकांमधलं अंतर मोजावं आणि ते भिंतीवर उतरवावं.

याच मातीचा आणखी एक स्वभाव. दाबाला ती दगडासारखी उभी राहते, ताणाला मात्र पटकन चिरते. नट आवळताना धातू थेट बेसिनला लागला आणि जोर एका बिंदूवर आला, की केसाएवढी चीर जाते. ती लगेच दिसत नाही. महिन्याभराने पिवळी रेघ होऊन दिसते. म्हणून मध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वॉशर हवाच, आणि नट हाताने घट्ट झाल्यावर पान्ह्याने थोडासा आवळला, की थांबायचं. घरगुती कामात बेसिन फुटतं ते बहुतेक वेळा उत्साहाने.

भिंतीतल्या बोल्टांसाठी जी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकतात तिचीही एक कुळकथा आहे. लंडनमध्ये १९११ च्या सुमारास जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियममध्ये विजेचं सामान बसवायचं काम मिळालं. अट ही, की भिंतींची नासधूस होता कामा नये. तोवर भिंत चांगली खोदून त्यात लाकडी गुटका ठोकायची पद्धत होती. त्याने तागाच्या धाग्यांची नळी करून लहानशा भोकात बसवली. स्क्रू आत गेला, की नळी फुगून भोकाच्या कडांना दाबून बसे. १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशरने ती नायलॉनची केली. आपल्या बेसिनचं वजन, शिवाय दाढी करताना त्यावर रेलणाऱ्या माणसाचा भार, हे सगळं त्या फुगलेल्या गिट्टीच्या घर्षणावर तोललेलं असतं. त्यामुळे भोक गिट्टीच्या मापाचंच हवं. टाइलवर पाडताना आधी चिकटपट्टी लावा आणि टाइलचा थर पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवा. उंची आपल्या घरातल्या माणसांची बघून ठरवा. साधारण ३२ इंचांवर कड येते, आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून.

बेसिन टांगण्याआधी नळ आणि वेस्ट कपलिंग, म्हणजे तळाच्या भोकात बसणारा निचऱ्याचा जोड, त्याला लावून घ्यावं. टांगल्यावर तेच काम पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज पडत करावं लागतं. नळ पाव फेऱ्यात उघडणारा असेल तर त्याच्या पोटात चिनीमातीच्या दिसणाऱ्या दोन छोट्या चकत्या असतात. त्या ॲल्युमिनाच्या, म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात त्याच पदार्थाच्या. त्या इतक्या सपाट घासलेल्या असतात, की एकीवर दुसरी ठेवून जरा ओलं केलं तर चिकटून बसतात. मध्ये वॉशर नाही, रबर नाही. दोन सपाट पृष्ठभाग पाणी अडवतात. एक चकती फिरली, की दोघींची भोकं समोरासमोर येतात आणि पाणी वाहतं. नवा पाइप जोडल्यावर आधी नळाशिवाय थोडं पाणी बादलीत सोडून द्यायला सांगतात ते यासाठी. वाळूचा एक कण त्या चकत्यांमध्ये गेला तर ओरखडा कायमचा.

वेस्ट कपलिंग घेताना दुकानदार विचारील, “हाफ थ्रेड की फुल थ्रेड?” इथे बरेच जण अंदाजपंचे उत्तर देतात. बेसिनच्या आतल्या भिंतीवर, कडेच्या खाली, एखादं भोक दिसतं का ते आठवा. नळ चालू राहिला आणि बूच लागलेलं असलं तर पाणी त्या भोकातून आत शिरतं, मातीच्या दोन भिंतींमधल्या पोकळीतून उतरतं आणि कपलिंगला मिळतं. हे पाणी आत घेण्यासाठी हाफ थ्रेड कपलिंगच्या वरच्या भागात आटे नसतात, तिथे खिडक्या कापलेल्या असतात. फुल थ्रेडला वरपर्यंत आटे असतात, खिडकी नसते. भोक असलेल्या बेसिनला फुल थ्रेड लावलं तर ते पाणी पोकळीत कोंडून राहतं आणि वास मारतं. भोक नसलेल्या, ओट्यावर ठेवायच्या बेसिनला हाफ थ्रेड लावलं तर खिडक्यांमधून पाणी खाली फर्निचरवर ठिबकतं. दोन्ही पितळेची, दोन्हींवर तोच चकाकता मुलामा, किंमतही जवळपास तीच.

त्याच्याखाली येतो बॉटल ट्रॅप, आणि माझ्या मते अख्ख्या बाथरूममधली सर्वांत हुशार वस्तू हीच. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. बेसिनकडून येणारी नळी बाटलीत खोलवर बुडते. बाहेर जाणारी वाट वरच्या बाजूला असते. बेसिन रिकामं झालं तरी बाटलीत पाणी उरतंच. नळीचं तोंड त्या पाण्यात बुडालेलं राहतं, त्यामुळे गटाराकडून येणाऱ्या वायूला घरात शिरायला जागा नाही. दोन ते तीन इंच पाणी, बस्स. आपण हात धुतो तेव्हा जुनं पाणी ढकललं जातं आणि त्याच्या जागी नवं बसतं, म्हणजे दाराचं कुलूप दर वेळी आपोआप बदलतं.

ही कल्पना ज्याने पेटंटमध्ये आणली तो घड्याळजी होता. अलेक्झांडर कमिंग, लंडन, १७७५. त्याने संडासाच्या भांड्याखालच्या पाइपाला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण दिलं, ज्यात पाणी साठून राहील. त्यासाठी लागणारं ज्ञान रोमन लोकांकडे होतं, मोहेंजोदडोत विटांची बंदिस्त गटारं बांधणाऱ्यांकडेही असावं. पाइपाला वाक द्यायचा, एवढीच तर गोष्ट! पण ती सुचायला घड्याळं बनवणारा माणूस यावा लागला.

बॉटल ट्रॅपचा खालचा भाग हाताने फिरवून निघतो. केस, साबणाचा लगदा, क्वचित कुणाचं हरवलेलं कानातलं तिथे सापडतं. खाली बादली ठेवायला मात्र विसरू नका.

सगळं जोडून झालं, की अँगल कॉक हळू उघडा. नळाची धार बेसिनच्या तळावर पडते तिथे एक स्वच्छ, पातळ वर्तुळ दिसेल आणि त्याच्या कडेला पाणी एकदम उंचावलेलं. हे वर्तुळ नेमकं कशाने होतं यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. गुरुत्वाकर्षणाने, असं बराच काळ मानलं जात होतं. २०१८ मध्ये केंब्रिजच्या राजेश भगत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की धार खाली सोडा, आडवी सोडा किंवा वर सोडा, वर्तुळ तेवढंच पडतं, तेव्हा कर्तृत्व पृष्ठताणाचं. ते सगळ्यांना पटलेलं नाही.

मग बूच लावून बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. जोडांची खरी परीक्षा या भरल्या लोंढ्याने होते; प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरला, की ठिपका लगेच कळतो. जाता जाता भोवरा बघून घ्या. उत्तर गोलार्धात तो डावीकडे फिरतो, दक्षिणेत उजवीकडे, असं शाळेत छातीठोकपणे सांगणारे भेटतात. बॉस्टनजवळच्या एमआयटीच्या ॲशर शपिरोने १९६२ मध्ये सहा फूट व्यासाच्या टाकीत पाणी २४ तास निश्चल ठेवून, अगदी बारीक भोकातून सोडलं, तेव्हा कुठे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसला. पुण्याच्या अक्षांशावर तो परिणाम बॉस्टनच्या निम्म्याहूनही कमी. आपल्या बेसिनमधला भोवरा कोणत्या बाजूला फिरेल ते नळाची धार आणि बेसिनची घडण ठरवते.

शेवटी शेवटी एक आवाज येतो. गुळगुळ, गुळगुळ. तो नीट ऐका. पाइप पूर्ण भरून पाणी खाली धावतं तेव्हा त्याच्या मागे हवेची पोकळी तयार होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब ट्रॅपमधलं राखीव पाणीसुद्धा तिकडे ढकलू लागतो. थोडी हवा आत शिरली, की हे थांबतं. म्हणून इमारतीच्या मैलापाइपाला वर गच्चीच्याही वर नेऊन तोंड उघडं ठेवतात. पुण्यात ही समज जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधला, त्याला जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. कोंडलेली हवा बाहेर पडल्याशिवाय पाणी नीट वाहणार नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. तुम्ही काही न करता बेसिन अधूनमधून गुळगुळत असेल, वरच्या मजल्यावर फ्लश ओढल्यावर हमखास, तर आपल्या इमारतीचा उच्छ्वास कुठेतरी तुंबलेला आहे असं समजा आणि सोसायटीच्या सभेत विषय काढा.

ट्रॅपमधलं ते दोन इंच पाणी नसलं तर काय होतं, हे २००३ मध्ये हाँगकाँगला दिसलं. सार्सची साथ चालू असताना अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली, त्यातले पुष्कळ एकाच इमारतीतले. तपासात आढळलं, की तिथले लोक बाथरूमची फरशी पाणी न ओतता फक्त पुसायचे. त्यामुळे जमिनीवरच्या जाळ्यांखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट पंखा लावला, की तो त्या कोरड्या वाटेने मैलापाइपातली हवा घरात ओढायचा, आणि तिच्याबरोबर विषाणूही.

आपल्याकडे बाथरूम बादलीने धुण्याची सवय होती, त्यामुळे नहाणीच्या जाळीखालचं पाणी कधी आटत नसे. आता नव्या फ्लॅटांमध्ये ‘कोरडं बाथरूम’ मिरवायची टूम आहे. दिसायला ते छान, पण मला ते अर्धवट विचाराचं वाटतं. जुन्या प्लंबरांची एक पद्धत इथे उपयोगी पडते: बेसिनचं पाणी नहाणीच्या ट्रॅपमधून नेणं, म्हणजे हात धुताना जमिनीवरची जाळीही भरलेली राहते. तुमच्याकडे तसं आहे का हे बघायला बेसिनचा नळ सोडून जाळी उचलून पाहा. खाली पाणी वाहताना दिसलं तर उत्तम. दिसलं नाही, आणि बेसिनचा लवचीक पाइप सरळ भिंतीतल्या भोकात खुपसलेला असेल, तर बॉटल ट्रॅप बसवल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. पाइपाभोवतीची फटही सिलिकॉनने बंद करा; झुरळं तिथूनच येतात. सिलिकॉनला आंबट वास आला तर घाबरू नका: हवेतली वाफ घेऊन घट्ट होताना त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं. एक दिवस त्याला ओलं होऊ देऊ नका.

आणि उन्हाळ्यात महिनाभर गावी जाणार असाल, तर कुलूप लावण्याआधी घरातल्या प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल. तेलाच्या थराखालचं पाणी लवकर उडत नाही.